पाय न पडणारी जागा

कोमुरसाय, ९ नोव्हेंबर २०१३

राख कुठे टाकायची ते आधी सांग, मग मी तुझी ख्यालीखुशाली विचारते.

उन्हाळाभर तुमच्या यंत्रांनी आमच्या डोक्यावर धूळ उडवली, मी हूं की चूं केलं नाही. म्हटलं, नातू इंजिनियर झालाय, खाणीचं काळं टेकाड झाकणार आहे, उडू दे धूळ. टेकाडाचं डोकं तुम्ही कापून सपाट केलंत, वर चिकणमाती थापलीत, तिच्यावर चांगली माती आणि गवताचं बी. भोवती कुंपण घातलंत. फोटो काढलेत. त्या फोटोंत मीही आहे म्हणे, तोंड वाकडं करून. ते वाकडं नव्हतं, ते माझं तोंडच तसं आहे.

पण एर्मेक, टेकाडाच्या पायथ्याची ती घळ तू कुणाला विचारून बुजवलीस? खालच्या आळीची सगळी राख तिथं पडत होती. माझी सासू तिथंच टाकायची, मी तिथंच टाकली. राखेवर पाय पडू नये हे तुला दूध पाजताना शिकवलंय. ज्या घराच्या राखेवर माणूस-कुत्रं चालतं, त्या घराची बरकत उठून जाते. आता त्या घळीवर तुझं गवत आहे आणि चौकीदार तोक्तोगाझी म्हणतो, “बुरुलचा ताई, इथं काही टाकायचं नाही, सरकारी गवत आहे.” मी म्हटलं, “सरकारी गवत खाऊन सरकारी मेंढ्या होतात का रे, म्हातारड्या?” तर हसला. पण टाकू दिलं नाही.

रोज दोन वेळा माझी सून केंजेगुल निखारे धगधगत असलेली बादली घेऊन दारात उभी राहते आणि विचारते, “एने, आज कुठे?” तिचा नवरा रशियात विटा वाहतोय, घरात दोन चुली चालू आहेत, आणि मी रोज नवी जागा कुठून आणू? निखाऱ्यावर पाणी ओत असं मी काही तिला सांगणार नाही. पाणी ओतून विस्तव मारणारीचं घर विझतं.

आणखी एक. टेकाडाच्या पायाशी तुम्ही लांबच्या लांब चर खणलात आणि तो तसाच उघडा टाकून गेलात. आत काळं दिसतंय, दात काढलेल्या तोंडासारखं. दगड आणि पाइप येणार होते ना? कधी?

बाकी मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण ते माझ्याहून म्हातारे आहेत. तू जेवतोस का? फोन करू नकोस. फोनवर तू “हो एने, हो एने” म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावरून माणसाला पळता येत नाही. गाडीवाल्या शाब्दानच्या हाती पत्र पाठव, तो आठवड्याला बिश्केकला येतोच.

तुझी एने,
बुरुलचा


बिश्केक, २० नोव्हेंबर

प्रिय एने, सलाम.

तुमचं पत्र कचेरीत सगळ्यांसमोर उघडलं आणि पहिली ओळ वाचून हसू फुटलं. माझे साहेब, मेदेत बाइके (कचेरीत सगळे त्यांना बाइके, थोरले दादा, म्हणतात), विचारायला लागले काय झालं. मी म्हटलं, आजी रागावलीये. ते म्हणाले, आजी रागावली म्हणजे तब्येत चांगली आहे.

घळीचं मात्र चुकलंच. नकाशावर ती नुसती घळ होती, तुमची राखेची जागा म्हणून मला आठवायला हवी होती. माफ करा.

चर उघडा आहे तो पैशांमुळे. बाहेरच्या देशातली जी संस्था पैसे देते, ती दोन भागांत देते. पहिल्या भागात टेकाड सपाट करून झाकायचं होतं, ते झालं. दुसऱ्यात चरात दगड आणि पाइप बसवायचे आहेत. पण मार्चच्या सुरुवातीला त्यांची पाहणी होईल. गवत टिकलं का, माती सरकली का, लोक नियम पाळतात का, हे बघून मगच दुसरा भाग मिळेल. तो चर फार महत्त्वाचा आहे, एने. वसंतात बर्फ वितळून टेकाडावरून पाणी आलं की ते चरातून ओढ्याला जायला हवं. नाही गेलं तर चिकणमाती भिजेल, आणि भिजलेली चिकणमाती तुमच्या आळीवर येईल. पहिलं घर तुमचं आहे. मला रात्री हेच दिसतं. म्हणून कुंपण, म्हणून चौकीदार.

राखेचं काय एवढं! जिथं कुणाचा पाय पडत नाही तिथं टाका. तुम्हीच शिकवलंय ना.

एकच मागणं. हिवाळ्यात इथं माझ्याकडे राहायला या. खोली गरम आहे, पाणी नळातून येतं. मार्चनंतर परत जा. काळजी करू नका, सगळं नीट होईल.

तुमचा,
एर्मेक


कोमुरसाय, १२ जानेवारी २०१४

नळाचं पाणी तुझं तुला लखलाभ. मी गेले तर मेंढ्यांना कोण शिव्या देणार? केंजेगुलला शिव्या येत नाहीत, चांगल्या घरातली आहे.

उत्तराला उशीर झाला. मधे खिंड बंद होती, शाब्दानची गाडी पलीकडेच अडकली. त्यानं तिथल्या एका विधवेकडे दिवस काढले म्हणतात. खिंड उघडल्यावरही दोन दिवस उशिरा निघाला.

राखेचं कोडं सुटलं. तुझं पत्र मी सगळ्या आळीला वाचून दाखवलं, मग बायांनीच जागा शोधली. जागा अशी की कुत्रंसुद्धा फिरकत नाही, तुझ्या कुंपणाची कृपा. तोक्तोगाझीला तळलेल्या बोरसोकची एक पिशवी दिली की त्याला डोळ्यांनी कमी दिसतं. म्हणून तो विषय संपला. आता तुला खरी बातमी सांगते.

तुझं गवत उगवलंय!

जानेवारीत, बलाम, माझ्या लेकरा! सगळीकडे बर्फ गुडघाभर, ओढा गोठलेला, आणि टेकाडाच्या खालच्या अंगाला एक हिरवा तुकडा, भर वसंतात असावा तसा. आधी घोंगडीएवढा होता, आता दोन तंबू मावतील एवढा झालाय. बर्फ पडतं आणि तिथं टिकतच नाही. आमच्या मेंढ्या कुंपणाच्या भोकातून जाऊन तिथंच पसरतात, उठवल्या तरी उठत नाहीत. शेजारची आसिलकान म्हणते, तिथं कुणी वली पुरलेला असणार. तिनं कुंपणाला नवसाची चिंधी बांधली, तिचं बघून चौघींनी बांधल्या. गुडघे दुखणारी एकजण तिथं जाऊन बसून आली आणि म्हणते, उतार पडला. मी म्हटलं, “अगं, वली-बिली कोण नाही. माझ्या नातवानं शहरातून बी आणलंय, परदेशी आहे, थंडीला भीत नाही.”

मी तुझं कधी कौतुक करत नाही, कारण कौतुकानं पोरं आळशी होतात. पण सगळी खालची आळी तिथं उभी राहून बघते तेव्हा मी जरा पुढे उभी राहते, एवढं सांगते.

मेदेतला सांग. त्या पैसेवाल्यांनाही सांग. असं गवत त्यांच्या देशात तरी आहे का?

बुरुलचा


बिश्केक, १७ जानेवारी

एने,

हे वाचताच पहिलं काम करा. मेंढ्या तिथून काढा. कुणालाही तिथं बसू देऊ नका, गुडघेवालीला तर मुळीच नाही. वाकून वास घेऊ नका. उभ्यानंच सांगा, कुजक्या अंड्यासारखा वास येतो का?

मी फोन केला होता, केंजेगुलनं उचलला. घरात दुसऱ्या बाया बसलेल्या, त्यांच्यादेखत तिला काही सांगता येईना. म्हणून शाब्दानला थांबवून हे लिहितोय.

ते माझं बी नाही, एने. असं बी कुठंच नसतं. टेकाडाच्या पोटात खाणीतला टाकाऊ दगड आहे, आणि त्यात कोळशाची भुकटी भरलेली आहे. ती पेटलीये. ज्वाळा दिसत नाही, शेणाची गोवरी धुमसते तशी आतल्या आत धुमसते. वरची जमीन गरम होते म्हणून बर्फ टिकत नाही, म्हणून गवत. वायू बाहेर येतो, त्याला रंग नसतो, माणूस झोपेतच जातो.

पण पेटलं कसं, हेच कळत नाही. वर चिकणमातीचा जाड थर आहे, हवा आत जायलाच नको. कुणी तिथं शेकोटी केली का? ठेकेदाराच्या मजुरांनी काही जाळलं का? आठवून लिहा.

कुणाला काही बोलू नका. पाहणीला महिना-दीड महिना उरलाय.

एर्मेक


कोमुरसाय, २२ जानेवारी

वास येतो. कुजक्या अंड्याचाच. मला वाटलं होतं आसिलकानचं पोट बिघडलंय, दर वेळी तीच शेजारी उभी असायची.

मेंढ्या काढल्या. एक उठली नाही. काळ्या कानाची, यंदा गाभण होती. तोंडाला फेस नाही, जखम नाही, गवतात मान टाकून पडलेली, झोपल्यासारखी. तोक्तोगाझी म्हणाला, “कापूया का, मांस वाया जाईल.” मी त्याच्या अंगावर धावले. पुरायला लावली. गुडघेवाली आता मला विचारते, मला का उठवलंस, बरं वाटत होतं. मी म्हटलं, मेंढीलाही बरंच वाटत होतं.

तू विचारतोस कुणी पेटवलं. शेकोटी कुणी केलेली नाही, आमच्याकडे कोळसा एवढा उतू चाललेला नाही की उघड्यावर जाळावा. ठेकेदाराची माणसं सिगारेटी ओढायची आणि थोटकं कुठंही फेकायची. त्यांचंच काम. तसंच लिहून ठेव. ठेकेदार जलालाबादचा आहे, आपल्यातला नाही, त्याच्यावर गेलं तर काही

हे पत्र अर्धं राहिलं. पुढचं दुसऱ्या दिवशी लिहितेय.

झालं असं की मी लिहीत होते आणि केंजेगुल बादली घेऊन खिडकीपुढून गेली. बादलीतून धूर येत होता. ती कुंपणाच्या भोकातून आत गेली, तुमच्या उघड्या चराशी वाकली आणि बादली पालथी केली.

मी पेन खाली ठेवलं.

चरात कुणी चालत नाही, एर्मेक. कुंपण आहे, चौकीदार आहे, कुत्रं फिरकत नाही. याहून पवित्र जागा आख्ख्या कोमुरसायमध्ये नाही. नोव्हेंबरपासून खालच्या आळीच्या सगळ्या घरांची राख तिथं पडतेय, निखाऱ्यांसकट. तुझी चिकणमाती वर जाड असेल, पण चरात ती कापलेली आहे. काळं उघडं पडलंय ना तिथं? मी काठी घेऊन गेले, नाकाला ओला फडका बांधून. राखेचा थर बाजूला केला तर आतली भिंत लाल. चुलीत तोंड घातल्यासारखी.

मग आळीतल्या बायांना ओट्याशी जमवलं. म्हटलं, “आजपासून राख तिथं नाही.” आसिलकान म्हणाली, “मग कुठे? तुझ्या डोक्यावर?” मी म्हटलं, “लोखंडी टपात, झाकण लावून, घरातच. पार गार होईस्तोवर.” ती म्हणे, “घरात राख साठवतात ती मेलेल्यांची घरं.” मी म्हटलं, “नाही साठवलीस तर तुझं घर तसंच होणार आहे, मरायची एवढी घाई करू नकोस.” केंजेगुल रडायला लागली, मीच केलं म्हणून. तिला म्हटलं, तू बादली नेलीस, मी पाठवली, आणि जागा एर्मेकनं सांगितली. तिघांत वाटून घे, तुझ्या वाट्याला रडण्याएवढं येत नाही.

तुला दोष देत नाही. तू मी शिकवलेलंच मला परत लिहिलंस. पण आता विझवायचं कसं ते लिही. पाणी ओतू का? लागलं तर ओतते. माझं घर विझलं तर विझलं.

बुरुलचा


बिश्केक, २ फेब्रुवारी

एने, पाणी ओतू नका! गरम टेकाडात पाणी गेलं तर वाफ कोंडून ते फुटतं. जळते दगड आळीवर उडतील. विझवायचं म्हणजे यंत्रानं तो सगळा भाग खणून काढायचा, पसरून गार करायचा, चर चिकणमातीनं बंद करायचा. यंत्राला पैसे लागतात. पैसे दुसऱ्या भागात आहेत.

मी मेदेत बाइकेंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, पाहणीला येणाऱ्यांनी आग बघितली आणि लोकांनीच राख टाकली असं कळलं, तर ते म्हणतील, नियम पाळले नाहीत. पैसा दुसऱ्या खोऱ्यात जाईल, तिथं रांग लागलीये. मग आग तशीच राहील आणि खालची आळी उठवावी लागेल. म्हणून ते म्हणतात, तोक्तोगाझीला सांगा, पाहणीच्या दिवशी हिरव्यावर बर्फ टाकून ठेव. चिंध्या काढा. मेंढीचं कुणी बोलू नये. पैसे मे महिन्यात येतील आणि पहिलं काम आगीचंच करू, त्यांनी शब्द दिलाय.

मी येऊ शकत नाही. माझं घर तिथं आहे म्हणून पाहणीत मी असू नये असा नियम आहे. खरं सांगतो, बरं वाटलं. तुमच्याकडे बघून मला खोटं बोलता आलं नसतं. फक्त एक दिवस, एने. एक दिवस गप्प राहा. त्यात तुमचंच घर वाचतंय. बाकी काळजी करू नका.

एर्मेक


कोमुरसाय, १३ फेब्रुवारी

मी चौथी शिकलेय. चौथीत महिने शिकवतात. एप्रिल मे महिन्याच्या आधी येतो. बर्फ एप्रिलमध्ये वितळतं. गरम टेकाडात पाणी गेलं तर ते फुटतं, हे तूच लिहिलंस, त्याच पत्रात, वरच्या बाजूला. मग खाली मे लिहिताना तुझा हात थांबला नाही?

आसिलकानच्या मागच्या भिंतीला आता वास यायला लागलाय. ती पोरांना घेऊन माझ्याकडे झोपते. घोरते.

बरं. मेदेतला कळव, म्हातारी ऐकतेय. बर्फ टाकायला तोक्तोगाझीला सांगितलंय. चिंध्या काढल्यात. पाहुण्यांना जेवायला मात्र आमच्याकडेच आण म्हणावं, आणि उपाशी आण.

बुरुलचा


कोमुरसाय, ६ मार्च

तुझ्या साहेबाकडून तुला कळलंच असेल, पण त्याच्या तोंडून कळलेलं अर्धं असणार. उरलेलं ऐक.

पाहुणी एकच होती, इंगा नावाची. माझ्यापेक्षा थोडी लहान, केस पांढरे, बूट चांगले. बरोबर दुभाषी मुलगी आणि मेदेत. मेदेतनं इतकी नवी टोपी घातली होती की मला वाटलं लग्नाला चाललाय.

तोक्तोगाझीनं सकाळपासून बर्फ टाकलं. मी थांबवलं नाही. पाहुण्यांची गाडी पुलावर दिसली तेव्हा हिरवं पांढरं होतं, आणि ते चढून येईपर्यंत परत हिरवं झालं, वर पाणी चकाकतंय. मला हे ठाऊक होतं, रोज बघतेय. म्हणून तर टाकू दिलं. मेदेतनं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा फावड्यामागे लपायला बघत होता. फावडं काही एवढं मोठं नाही.

मी आणि केंजेगुलनं हिरव्याच्या कडेला जेवणाचं दस्तरखान पसरलं होतं. भीती वाटेल तुला म्हणून सांगते, वारा चांगला होता, मेंढी मेली ती जागा मी लांब ठेवली. नान, बोरसोक, साय, चहा. मेदेत म्हणाला, “एने, इथं कशाला, घरात बसूया ना, पाहुणीला थंडी वाजेल.”

मी म्हटलं, “वाजणार नाही.”

“पण एने, वेळ कमी आहे.”

“नान मोडून ठेवलाय, बाइके. मोडलेल्या नानवरून उठून जाणारा तू कुणाचा मुलगा, ते तरी सांग.”

त्यानं टोपी सावरली. बसला. पण उकिडवा बसला, कोंबडी अंड्यावर बसताना कचरते तसा. मी म्हटलं, “नीट टेक. नान असा बसून खात नाहीत.” टेकला. त्याचं तोंड बघायला तू हवा होतास. ती बाई मात्र मांडी घालून बसली, चहा घेतला, बोरसोक खाल्ला, आणखी एक खाल्ला. मग तिनं इकडं तिकडं पाहिलं. एक हातमोजा काढला आणि तळवा गवतावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

दुभाषी म्हणाली, “त्या विचारतात, खालून चुलीचं धुराडं जातं का?”

मी म्हटलं, “सांग तिला, चूलच आहे. आम्ही पेटवली आणि यांनी झाकली.”

मुलगी मेदेतकडे बघायला लागली. मी म्हटलं, “तू भाषांतर करतेस की सोयरीक जुळवतेस? सगळं सांग. गाळलंस तर मला कळेल, तिच्या तोंडावर कळेल.”

मग मी सगळं सांगितलं. घळ बुजवली ते, राख, चर, मेंढी, आसिलकानची भिंत, आणि सकाळी टाकलेलं बर्फही. पहिली बादली माझ्या घरची, हेही सांगितलं. केंजेगुलनं मान खाली घातली, तिला कोपरानं ढोसलं, वर कर म्हणून. सगळं सांगून झाल्यावर बाईनं विचारलं, “निखारे विझवून का नाही टाकले?” मी सांगितलं का ते. ती हसली नाही. तिनं विचारलं, “मग मला इथं का बसवलंत? घरातही सांगता आलं असतं.”

मी म्हटलं, “घरात सांगितलं असतं तर तुम्ही कागदावर लिहून घेतलं असतं. बुडाला चटका बसला की माणूस कागद शोधत नाही.”

हे मुलीनं भाषांतर केलं की नाही कोण जाणे, पण बाई उठली आणि तिनं मागे हात लावून पाहिला. मग चरापाशी गेली, फडका मी दिला. वाकून आत पाहिलं. परत आली तेव्हा तिचे कान लाल होते. मला वाटलं आता पैसे गेले, आळी गेली, माझी जीभ एकदाची सगळ्यांना घेऊन बुडाली. मी तिच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

ती मेदेतला म्हणाली, “हिवाळाभर चर उघडा ठेवायचा, हे ज्या आराखड्यात लिहिलंय त्यावर सही माझी आहे.” मग बराच वेळ दोघं बोलले, मुलगी मला अर्धंमुर्धं सांगत होती. मेदेत घामानं भिजला. ते जमिनीमुळे नव्हतं. शेवटी ठरलं ते असं. आग खणून काढायचे पैसे ती दुसऱ्या भागातून आधी सोडू शकते, महिन्याच्या आत. पण मागणी तुमच्या कचेरीकडून लेखी जायला हवी, आणि तीत खरं लिहायला हवं. आग कशी लागली, कुणाला कधी कळली, आणि बर्फ टाकायला कुणी सांगितलं. सही मेदेतची. खरं नसेल तर काहीच मिळणार नाही. आणि खरं लिहूनही तिच्या वरच्यांनी नाही म्हटलं तर तिच्या हातात काही नाही, हेही तिनं सांगितलं. गोड बोलली नाही, म्हणून मला पटली. जाताना उरलेले बोरसोक खिशात घालून गेली.

मेदेत दार आपटून गाडीत बसला. तो लिहिणार की नाही, मला कळत नाही. लिहिलं तर त्याची खुर्ची जाईल. तुझीही जाईल बहुधा, तुलाही जानेवारीतच कळलं होतं. गेली तर इकडं ये, मेंढ्या राख. एक कमी झालीये, काम हलकं आहे.

आज छपराच्या कडेला पहिल्यांदा पाणी ठिबकलं. केंजेगुल खाली भांडं ठेवायला धावली आणि भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. जेवून आडवी झालेली आसिलकान घोरायची थांबली. सगळ्याजणी ऐकत होतो. ठिबक, ठिबक. दुपारी ऊन गेल्यावर थांबलं. उद्या परत ऊन आहे.

तर आता ऐक. या पत्राबरोबर शाब्दानच्या गाडीत एक पोतं येतंय. खालच्या आळीची राख आहे, टपात ठेवून गार केलेली, शाब्दानला हात घालून बघायला लावलं. आमच्याकडे टप भरले आहेत आणि जागा नाही. मेदेतच्या खोलीत गालिचा आहे, बूट काढल्याशिवाय कुणी आत पाय ठेवत नाही, असं तूच एकदा सांगितलं होतंस. जागा चांगली आहे. मागणीचं पत्र जाईपर्यंत शाब्दानच्या दर फेरीला एक पोतं येत राहील.

पोतं त्याच्या टेबलावर ठेव आणि सांग, कोमुरसायच्या बुरुलचानं विचारलंय, राख कुठे टाकायची. उत्तर तू लिहायचं नाहीस. तुझी पत्रं “काळजी करू नका”वर संपतात आणि मग मला काळजी लागते. उत्तर मेदेतनं द्यायचं, स्वतःच्या अक्षरात, आणि यंत्र आमच्या पुलावर आल्यावर त्याच्या ड्रायव्हरनं मला हाक मारायची.